रेटिंग, वजन आणि भाव : तीन हंगामांचा हिशेब

घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावताना केवळ रेटिंगच्या, म्हणजे घोड्याची कुवत पौंडांच्या मापात सांगणाऱ्या आकड्याच्या, आधाराने निर्णय घ्यायचा, असे ठरवून मी तीन हंगाम काढले. त्याआधी जॉकीचे नाव, मागच्या दोन शर्यतींतील क्रमांक आणि पॅडॉकमध्ये घोडा कसा चालतो आहे एवढ्यावरून मी अंदाज बांधत असे, आणि अंदाज चुकला की त्याची कारणेही मला तितक्याच सहज सापडत. या सवयीला कंटाळूनच मी आकड्यांकडे वळलो, कारण आकडा चुकला तर तो चुकला हे निदान मान्य तरी करावे लागते. सुरुवातीलाच दोन गोष्टी पक्क्या केल्या. पूर्ण बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढी रक्कम बाजूला काढून तिचे १०० समान भाग केले, आणि प्रत्येक पैज लावण्यापूर्वी कारणासह वहीत लिहायची, असा नियम स्वतःला घालून घेतला. पुढे जिथे 'भाग' हा शब्द येईल तिथे त्या रकमेचा शंभरावा हिस्सा समजावा.

पहिली पद्धत अगदी बाळबोध होती. शर्यतीत ज्या घोड्याचे अधिकृत रेटिंग सर्वांत जास्त, त्याच्यावर एक भाग लावायचा. हँडिकॅप शर्यतींत, म्हणजे सरस घोड्याला जास्त वजन वाहायला लावणाऱ्या शर्यतींत, ही पद्धत का टिकत नाही हे कळायला मला तीन आठवडे लागले, याची आजही थोडी लाज वाटते. हँडिकॅपर घोड्याला रेटिंग देतो तेच मुळी त्याच्या पाठीवर किती वजन ठेवायचे हे ठरवण्यासाठी. ज्याचे रेटिंग ९० आहे त्याने ८० वाल्या घोड्यापेक्षा १० पौंड जास्त वाहायचे, म्हणजे कागदावर तरी दोघे एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोचले पाहिजेत. इंग्लंडमध्ये १८५५ साली अ‍ॅडमिरल रूस सार्वजनिक हँडिकॅपर झाले, आणि घोड्याच्या वयानुसार वजनात सवलत देण्याचे कोष्टकही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या सगळ्या व्यवस्थेचा हेतू एकच, की कोणत्याही घोड्याला त्याच्या ज्ञात कुवतीचा फायदा मिळू नये. ज्या गुणांचा फायदा वजनाने आधीच काढून घेतला आहे, नेमक्या त्याच गुणांवर मी पैसे लावत होतो.

तेव्हा स्वतःचे रेटिंग काढणे भाग पडले. रीत जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे. घोडा किती लांबीने (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाइतके अंतर) जिंकला किंवा हरला त्याचे पौंडांत रूपांतर करायचे; ढोबळ मानाने पाच फर्लाँगांच्या (एक फर्लाँग म्हणजे सुमारे २०० मीटर) शर्यतीत एक लांबी म्हणजे ३ पौंड, आठ फर्लाँगांत २ आणि बारा फर्लाँगांत दीड पौंड. समजा आठ फर्लाँगांच्या शर्यतीत १३० पौंड वाहणारा घोडा १२२ पौंड वाहणाऱ्या घोड्याला दोन लांब्यांनी हरवतो. दोन लांब्यांचे ४ पौंड आणि जास्तीच्या वजनाचे ८ पौंड मिळून तो १२ पौंडांनी सरस ठरतो. हरलेल्या घोड्याची कामगिरी ८० ची मानली तर जिंकलेला ९२. यातली खरी मेख त्या 'मानली तर'मध्ये आहे. हरलेला घोडा त्या दिवशी आपल्या नेहमीच्या पातळीवर धावला की नाही, हे ठरवण्यासाठी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या घोड्याकडे पाहावे लागते, आणि एका शर्यतीचा निकाल लावताना आधीच्या दहा शर्यती पुन्हा उघडाव्या लागतात.

पुढच्या शर्यतीसाठी मी १४० पौंड हा पाया धरला. घोड्याच्या रेटिंगमध्ये १४० वजा त्याचे त्या दिवशीचे वजन मिळवायचे, म्हणजे वजनासह तुलना करता येते. वर उल्लेख केलेला ९२ चा घोडा पुढे १३१ पौंड घेऊन उतरला तेव्हा त्याचे १०१ झाले, आणि त्याच शर्यतीत १२१ पौंड घेऊन उतरलेल्या ८४ च्या घोड्याचे १०३. ही शर्यत लक्षात ठेवावी, कारण मला जे काही समजले ते बहुतेक तिच्यामुळेच समजले.

मधल्या काळात मी वेळेवरून रेटिंग काढण्याच्याही नादी लागलो होतो. टाइमफॉर्म ही संस्था १९४८ साली सुरू करणारे फिल बुल हे गणिताचे माणूस होते आणि त्यांचा आरंभही घड्याळापासूनच झाला होता. अमेरिकेत अँड्र्यू बायर यांचे वेगाचे आकडे १९९२ पासून तिथल्या प्रमुख रेसिंग दैनिकात छापले जाऊ लागले. एवढी मोठी परंपरा पाठीशी असल्यामुळे मला वाटले की घड्याळ तरी खोटे बोलणार नाही. प्रत्यक्षात एका दिवसाचा ट्रॅक किती संथ होता हे ठरवण्यातच माझी अख्खी संध्याकाळ जाई. सहा शर्यतींपैकी पाच प्रमाण वेळेपेक्षा सव्वा ते दोन सेकंदांनी मंद आणि एक चार सेकंदांनी मंद, असे चित्र दिसे. त्या सहाव्या शर्यतीत कोणीच सुरुवातीला वेग पकडला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होता. पण मी ती सरासरीत धरली, ट्रॅक होता त्यापेक्षा जास्त संथ ठरला आणि बाकीच्या पाच शर्यतींतले सगळे घोडे फुकटात मोठे झाले. आठ फर्लाँगांत एक सेकंद म्हणजे पाच-सहा लांब्या, म्हणजे दहा-बारा पौंड. तेव्हा अर्ध्या सेकंदाची चूकही माझ्या सगळ्या बारीक हिशेबाला पुरून उरे. पुढे सरासरीऐवजी मधली किंमत, म्हणजे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी, घेऊ लागलो, आणि वेळेचा आकडा केवळ लांब्यांवरून काढलेल्या रेटिंगची उलटतपासणी म्हणून ठेवला.

एक चूक मात्र निव्वळ आळसाची होती. ज्या घोड्यांचे रेटिंग मी स्वतः काढले नव्हते त्यांच्यासाठी दुसरीकडे छापून आलेले आकडे उचलून मी ते माझ्या आकड्यांशेजारी बसवत असे. फ्रँकेलला टाइमफॉर्मने १४७ दिले आणि त्याच घोड्याला २०१२ च्या अधिकृत जागतिक यादीत १४० मिळाले. दोन्ही आकडे आपापल्या मोजपट्टीवर योग्य आहेत, पण एकाच शर्यतीत एका घोड्याला एक पट्टी आणि दुसऱ्याला दुसरी लावली तर येणाऱ्या फरकाला काहीही अर्थ उरत नाही. तीच यादी जाहीर करताना डान्सिंग ब्रेव्ह या १९८६ च्या घोड्याचे रेटिंग १४१ वरून १३८ वर आणण्यात आले होते. तो घोडा तेव्हा हयातही नव्हता. रेटिंग हे मोजमाप नसून जाणकाराने दिलेले मत असते, हे मला या एका नोंदीने जितके पटले तितके कोणत्याही स्पष्टीकरणाने पटले नसते.

पहिल्या हंगामाअखेर १९० पैजांत माझे १७ भाग गेले होते. वही तपासताना एक जिंकलेली पैज खटकली. ९ च्या भावाचा, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या एका भागासह ९ भाग परत देणारा, घोडा होता आणि माझ्या तक्त्यात तो दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल ११ गुणांनी वर होता. कारण शोधले तेव्हा दिसले की त्याचे वजन १३१ ऐवजी मी ११३ लिहिले होते. आकड्यांची अदलाबदल झाली, घोड्याला १८ गुण आंदण मिळाले, मी त्याच्यावर एक भाग लावला आणि तो जिंकला. माझ्या हंगामातला सर्वांत मोठा विजय हा लेखणीच्या घसरणीचा होता. ती नोंद ठेवावी की खोडावी यावर मी बराच विचार केला. शेवटी ठेवली, पण पद्धतीचा हिशेब करताना बाजूला काढली. तिचे निव्वळ ८ भाग वजा केले तर तोटा २५ भागांचा होतो, म्हणजे लावलेल्या रकमेच्या सुमारे १३ टक्के.

हा १३ टक्क्यांचा आकडा कुठून आला हे कळले तेव्हा पहिल्यांदा विषयाचा गाभा हाती लागल्यासारखे वाटले. वर सांगितलेल्या शर्यतीत सहा घोडे होते. माझ्या १०३ वाल्या घोड्याचा भाव साडेतीन, १०१ वाल्याचा ३, आणि उरलेल्यांचे साडेपाच, ७, ८ आणि १३. प्रत्येक भावाने १०० ला भागून येणाऱ्या टक्क्यांची बेरीज केली तर ती १०० न होता साधारण ११५ होते. वरचे १५ हा भाव देणाऱ्याचा वाटा. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तशा कोणी पैजा लावल्या, तरी अशा भावांत तो दीर्घकाळात साधारण १३ टक्केच गमावेल. वर्षभर कोष्टके भरून मी चिठ्ठी उचलणाऱ्याच्या बरोबरीला येऊन पोचलो होतो.

सर्वांत सरस घोडा कोणता, या प्रश्नाचे माझे उत्तर चूक होते असेही नाही. माझा पहिल्या क्रमांकाचा घोडा आणि बाजाराचा फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, पुष्कळदा एकच असे, आणि फेव्हरिट साधारण तीनांत एकदा जिंकतोच. पण ते उत्तर इतरांनाही ठाऊक होते आणि भावात मुरलेले होते. म्हणून दुसऱ्या हंगामात प्रश्न बदलला. रेटिंगवरून प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता टक्क्यांत काढायची, १०० ला त्या टक्क्यांनी भागून रास्त भाव ठरवायचा, आणि मिळणारा भाव त्याहून जास्त असेल तरच पैज लावायची. गुणांचे टक्के करण्यासाठी मी ठरवले की दर ४ गुणांच्या फरकाला शक्यता निम्मी होते. त्या शर्यतीतले माझे सहा आकडे १०३, १०१, ९९, ९६, ९४ आणि ९० असे होते. या नियमाने पहिल्याला सुमारे ३५ टक्के मिळाले, म्हणजे रास्त भाव २.८२, मिळत होता साडेतीन. घबाड सापडल्याच्या आनंदात मी पैज लावली. घोडा अर्ध्या लांबीने दुसरा आला आणि जिंकला तो ९२ रेटिंगचा, १३१ पौंड वाहणारा.

एका पराभवाने काही सिद्ध होत नाही, पण वहीत अशा नोंदी साठल्या होत्या. ज्या पैजांना मी ३० ते ४० टक्के शक्यता दिली होती त्या ८८ भरल्या आणि त्यांपैकी २१ जिंकल्या, म्हणजे २४ टक्क्यांपेक्षा कमी. माझा ४ गुणांचा नियम घोड्यांमधला फरक फुगवून दाखवत होता. निकालांशी ताळा घेत तो नियम ७ गुणांवर आणला तेव्हा त्याच शर्यतीतल्या त्याच घोड्याला २७ टक्के मिळाले, रास्त भाव ३.६८ झाला, आणि साडेतीनच्या भावात मुळात पैजच नव्हती. रेटिंगचा एकही आकडा न बदलता घबाडाचे तोट्यात रूपांतर झाले. केली यांच्या १९५६ च्या सूत्राने ३५ टक्के शक्यता धरून रक्कम ठरवली असती, तर त्या एका घोड्यावर भांडवलाच्या जवळजवळ १० टक्के लावायला हवे होते. २७ टक्के धरले तर शून्य. शक्यतेच्या अंदाजातली एवढी चूक ज्या सूत्रात इतकी महाग पडते, ते सूत्र मी बाजूला ठेवले आणि प्रत्येक पैजेला एकच भाग हा नियम कायम ठेवला. दुसऱ्या हंगामात १६० पैजांत ९ भाग गेले.

तिसऱ्या हंगामासाठी मी बिल बेंटर यांच्या कामातून एक गोष्ट घेतली. हाँगकाँगच्या शर्यतींसाठी संगणकीय प्रारूप बनवणाऱ्या या माणसाने १९९४ च्या आपल्या लेखात सांगितले होते की केवळ प्रारूपाची शक्यता न वापरता ती बाजाराच्या शक्यतेशी जोडावी. मला हे आधी पटत नव्हते, कारण बाजाराला चुकीचा ठरवण्यासाठी त्याचेच मत का विचारावे असे वाटे. पण सकाळचा सराव पाहणारे, घोड्याच्या दुखापतीची कुणकुण लागलेले, तबेल्यात वावरणारे असे सगळे लोक भावातून बोलत असतात आणि माझ्या रेटिंगमध्ये यातले काहीच नसते. मी माझे टक्के आणि बाजाराचे, १०० च्या बेरजेवर आणलेले टक्के यांची निम्मी-निम्मी सरासरी घेऊ लागलो. परिणाम असा झाला की पैजा भराभर गळाल्या. ज्या दिवशी पूर्वी पाच-सहा पैजा निघत तिथे आता एखादी निघे, आणि तीही बहुधा अशा घोड्याची, ज्याची मागची शर्यत निकालात वाईट दिसत होती पण जास्त वजन किंवा वेगाची चुकीची विभागणी यांमुळे तशी दिसत होती. बाजार क्रमांक पाहतो आणि मी पौंड पाहतो, एवढाच माझा टीचभर फायदा होता.

या टप्प्यावर संयमाची परीक्षा खरी झाली. पाचांत एक जिंकणाऱ्या पैजांत सलग १५ हुकण्याची शक्यता साडेतीन टक्के असते, पण काहीशे पैजांत अशी रांग एकदा तरी बहुधा येतेच. माझी आली ती १७ पैजांची. बाराव्या हुकलेल्या पैजेनंतर मी ७ गुणांचा नियम ६ वर आणावा का, असे वहीच्या कडेला लिहिलेले आहे. त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या तारखेने 'नाही' असे.

तिसऱ्या हंगामात १४० पैजांवर ६ भाग वाढले. हा नफा पद्धतीचा आहे असे मी म्हणत नाही. साडेपाचच्या सरासरी भावात पाचांत एक जिंकत असेल, तर १४० पैजांत केवळ योगायोगाने २५-२६ भाग इकडे किंवा तिकडे होणे अगदी सामान्य आहे, तेव्हा ६ भागांवरून काहीच ठरवता येत नाही. मूळच्या १०० भागांपैकी आज ८० शिल्लक आहेत, त्यांत त्या चुकून ११३ लिहिलेल्या वजनाने मिळवून दिलेले ८ आहेत. चौथ्या हंगामासाठी नवी रक्कम घातलेली नाही. वजने लिहून झाली की आता प्रत्येक आकडा दोनदा वाचतो, दुसऱ्यांदा उलट्या क्रमाने. आणि वहीच्या बहुतेक पानांच्या शेवटी 'पैज नाही' एवढेच लिहिलेले असते.