माय हिरो अकॅडेमिया, सीझन पहिला: ताकद मिळाली, पण शरीराला पेलवेल का?

सुपरहिरोंच्या बहुतेक गोष्टींत ताकद मिळाली की दुसऱ्या दिवसापासून ती सराईतपणे वापरता येते. ‘माय हिरो अकॅडेमिया’त तसं होत नाही, आणि पहिल्या १३ भागांतच ही मालिका मनात ठसते ती याच कारणाने.

कोहेइ होरिकोशी यांची मांगा (जपानी कॉमिक) २०१४ मध्ये सुरू झाली. बोन्स स्टुडिओने त्यावर केलेली ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) एप्रिल २०१६ मध्ये आली, दिग्दर्शक केंजी नागासाकी. या जगात ८० टक्के लोकांना ‘क्वर्क’ म्हणजे उपजत शक्ती असते. इझुकु मिदोरियाला ती नाही. डॉक्टर एक्स-रे समोर धरून सांगतात: पायाच्या करंगळीला दोन सांधे आहेत, म्हणजे क्वर्क येणार नाही. चार वर्षांच्या पोराचा विषय तिथेच संपतो.

पुढे अव्वल हिरो ऑल माइट स्वतःची शक्ती त्याला द्यायचं ठरवतो, पण लगेच देत नाही. तयारी नसलेल्या शरीरात ती गेली तर हातपाय उडतील, म्हणून आधी दहा महिने कचऱ्याने भरलेला समुद्रकिनारा उपसायचा. जुने फ्रिज, टायर, भंगार ओढत न्यायचं. झोपेचं आणि जेवणाचंही वेळापत्रक ठरलेलं. मिदोरिया त्याहून जास्त व्यायाम करायला जातो आणि कोसळतो. अतिव्यायामाने उलटाच परिणाम होतो, हे मालिका स्पष्ट दाखवते.

चौथा भाग नीट बघा. हिरो घडवणाऱ्या यूए शाळेची प्रवेश परीक्षा, वेळ १० मिनिटं. रोबो पाडायचे, त्यांना १, २ किंवा ३ गुण. एक अवाढव्य रोबो शून्य गुणांचा. त्याच्यापासून लांब राहणंच शहाणपणाचं. ढिगाऱ्यात अडकलेल्या उराराका या परीक्षार्थी मुलीसाठी मिदोरिया नेमका त्याच्यावरच झेपावतो. ठोसा बसतो, रोबो कोसळतो, पण त्या एका फटक्यात मिदोरियाचे दोन्ही पाय आणि उजवा हात मोडतो. रोबो पाडण्याचे गुण शून्य. निकालात कळतं की वाचवण्याचेही गुण होते, आणि ते त्याला ६० मिळाले. त्याला लहानपणापासून छळणाऱ्या बाकुगोला रोबोंचे ७७, वाचवण्याचा एकही नाही. दोन आकड्यांत दोन स्वभाव उभे राहतात.

त्यानंतर पाचवा भाग. वर्गशिक्षक आयझावा चेंडू फेकायला लावतात आणि पुन्हा हात मोडून घेशील तर उपयोग नाही, असं बजावतात. मिदोरिया सगळी शक्ती फक्त एका बोटाच्या टोकाशी आणतो: ७०५.३ मीटर. बोट मोडतं, बाकी शरीर शाबूत. एक हात आणि दोन पायांवरून एका बोटावर आला, ही त्याची प्रगती. नवा डावपेच किंवा नवं शस्त्र न देता पात्राची वाढ इतक्या मोजक्या रीतीने दाखवणं मला फार आवडलं.

हाच नियम इतरांनाही लागू आहे. बाकुगोच्या तळहाताचा घाम स्फोटक, म्हणून घाम येईपर्यंत जोर कमी. उराराका वस्तूंचं वजन नाहीसं करते, पण अति झालं की तिला उलटी होते. आयझावांची नजर समोरच्याचा क्वर्क बंद पाडते, पण पापणी लवली की संपलं. ऑल माइटलाही जुन्या जखमेमुळे दिवसाला जेमतेम तीन तास मिळतात, आणि नवव्या भागापासूनच्या खलनायकांच्या हल्ल्यात सगळा ताण त्या घड्याळावरच उभा आहे.

उणिवाही आहेत. कथा फार सावकाश सरकते. मागचं वारंवार उगाळलं जातं, मनातली स्वगतं लांबतात. वर्गातल्या मिनेताचे मुलींवरचे चाळे विनोद म्हणून घातलेत, ते नकोसे होतात. मिदोरियाचं रडणं सुरुवातीला थोडं जास्त वाटेल, पण पहिल्या भागातला आईसोबतचा प्रसंग खरोखर काळजाला भिडतो.

बघायचं ठरलं तर पहिले दोन भाग एका बैठकीत बघा. पहिल्यावरच थांबलात तर अपुरं वाटेल. शक्यतो जपानी आवाज ठेवून सबटायटल्स लावा: मिदोरियाची अडखळती, घाईची बडबड मूळ आवाजात जास्त खुलते. पाचव्या भागापर्यंतही मन रमलं नाही तर खुशाल सोडा. रमलं तर दुसऱ्या सीझनचे २५ भाग लगेच लावा, शाळेच्या क्रीडामहोत्सवात या सगळ्या मर्यादा एकमेकांसमोर उभ्या ठाकतात.