तिला गर्दी आवडत नाही

सोमवार, रात्र

वाढदिवसाची सहल आटोपून आम्ही काल रात्री फोंड्याला परतलो. कपडे धुऊन झाले, कुमट्याच्या कांद्यांची माळ स्वयंपाकघराच्या दाराआड टांगली, राहिलेल्यांना उलट फोन करून झाले. तरीही एक वाक्य मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शनिवारी दुपारी गोकर्णात ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथल्या मालकांशी ह्यांचे कोकणीत बोलणे चालले होते. त्यांची कारवारी वळणाची कोकणी आणि ह्यांची फोंड्याकडची अंत्रुजी, पण कुठे अडत नव्हते. जेवण खोलीत पाठवू की बाहेर सगळ्यांबरोबर वाढू, असे त्यांनी विचारले, आणि हे सहज म्हणाले, "कुडींतच दिया, हिका गर्दी आवडना."

त्यात दुखावण्यासारखे काही नव्हते. बोलण्यात माया होती, आणि मालकांनीही समजुतीने मान हलवली. मी मात्र हातातली पिशवी खाली ठेवायची विसरून उभी राहिले, कारण जिच्याविषयी हे बोलणे चालले होते ती बाई मला ओळखीची वाटेना.

त्यानंतर सहलीतली एकेक गोष्ट मला नव्याने दिसू लागली. मडगाव जागे होण्यापूर्वी ते ओलांडता यावे म्हणून आम्ही अंधारातच निघालो होतो. आपल्याकडे गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून टाकी काणकोणात भरली आणि पोळ्याला राज्याची हद्द ओलांडल्यावर गाडी कुठेच थांबली नाही. सदाशिवगड जवळ आला तसे हे नेहमीप्रमाणे मला बोलण्यात गुंतवू लागले. तिथला काळी नदीवरचा जुना पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्रीनंतर कोसळला, त्याबरोबर एक ट्रक नदीत गेला आणि त्याच्या चालकाला जिवंत बाहेर काढण्यात आले, ही बातमी वाचून मी त्या दिवशी जेवले नव्हते. तेव्हापासून कोणताही मोठा पूल आला की हे मला काहीतरी विचारतात. आता शेजारच्या नव्या पुलावरून जाताना मला भीती वाटत नाही. तरी मी त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देत राहिले.

गोकर्णाच्या आधी मिर्जानला जाऊन येऊ, असे ह्यांनी ठरवले होते. अघनाशिनीच्या काठचा हा जांभ्या दगडाचा किल्ला गेरसप्प्याच्या चेन्नभैरादेवीचा म्हणून ओळखला जातो. 1552 पासून पन्नासहून अधिक वर्षे राज्य केलेल्या आणि पोर्तुगीजांशी झुंजलेल्या ह्या राणीला पोर्तुगीजच काळ्या मिरीची राणी म्हणत. ज्या पोर्तुगीजांनी आमच्या पूर्वजांना देव पाठीवर घेऊन नदी ओलांडायला लावली, त्यांना ह्या बाईने इतकी वर्षे झुलवले, हे मला लहानपणी कोणीच शिकवले नाही, ह्याची खंत वाटते. मिरी, तांदूळ, व्यापारी, हमाल, होड्या ह्यांनी तो काठ एके काळी किती गजबजलेला असेल! ह्यांनी मात्र मिर्जान निवडले ते तिथे सकाळी कोणी नसते म्हणून. याणाचे उंच काळे सुळके पाहायची माझी इच्छा होती. तिथे शनिवार-रविवारी सहली येतात, म्हणून तो बेत आधीच वगळला गेला होता. कुडले किंवा ओम किनाऱ्यावर न जाता संध्याकाळी आम्ही एका खडकाळ कडेला बसलो. सूर्य सुंदर मावळला. त्याच वेळी दूरच्या किनाऱ्यावरून पोरांचा आरडाओरडा येत होता आणि माझे सगळे लक्ष तिकडे होते.

मी हे केव्हा म्हणाले? रात्रभर आठवत राहिले. म्हणाले होते, हे खरे. माईंच्या नंतरच्या त्या वर्षी घरात रोज कोणी ना कोणी येऊन बसत असे, प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागे, आणि एकदा चुलीपाशी उभी असताना मी म्हणाले की मला आता माणसे नकोत. ते एवढेच. त्यापुढचे मला लिहायचे नाही. ह्यांनी मात्र ते वाक्य डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखे जपून ठेवले आणि त्याबरहुकूम आमचे आयुष्य चालू लागले. लग्नांना हे एकटे जाऊन आहेर देऊन येऊ लागले. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी बांधायला येणारी मंडळी बाहेरच्या बाहेर पान-सुपारी घेऊन परतू लागली. हळूहळू शेजारणींनी मला हाक मारायचे सोडले, आणि मीही समजत राहिले की लोकांना माझी गरज उरली नाही. मी रागावलेली नाही; मला फार एकटे वाटले आहे, आणि त्या एकटेपणाला आमच्याच घरात इतके प्रेमाने पाणी घातले गेले, हे कळल्यावर रडावे की काय करावे, हे कळेना.

मला तर गर्दी लहानपणापासून प्रिय. काळीवर पूल होण्यापूर्वी आजीबरोबर तरीतून पलीकडे जाऊन आम्ही शिवरात्रीला गोकर्णाला आलो होतो. रथ निघाला तेव्हा लोक त्याच्यावर केळी फेकत होते. आजीने माझ्या हातात एक केळे दिले, मला कडेवर उचलले आणि म्हणाली, मार. ते केळे पुढच्या एका माणसाच्या खांद्यावर आपटले. त्याने मागे वळून पाहिले आणि हसून पुन्हा दोराला हात घातला. घामाचा, फुलांचा, कापराचा तो वास मला अजून येतो. ह्या वेळी आम्ही पहाटे महाबळेश्वराचे दर्शन घेतले. गाभाऱ्यात मोजकीच माणसे होती, पीठाच्या छिद्रातून आत्मलिंगाला बोट लावायला कोणी घाई केली नाही. आत ओलसर, गार, खडबडीत असे काही बोटाला लागले आणि मला एकदम भरून आले. बाहेर रथाच्या रस्त्याला, रथबीदीला, रथ झाकून ठेवलेला होता, त्याचे लाकडी चाक माझ्या डोक्याहून उंच. मी तिथे थोडी थांबले, तर हे म्हणाले, "चल, आता बसगाड्या यायला लागतील."

परतताना कारवारला रविवारचा बाजार भरला होता. हमरस्त्यावरून तो दिसत नाही, पण पिशव्या घेऊन चाललेली माणसे दिसली आणि मी म्हणाले, "अहो, गाडी बाजाराकडे घ्या." ह्यांनी माझ्याकडे पाहिले, काही विचारले नाही, गाडी वळवली.

मी तो बाजार डोळे भरून पाहिला. अंकोल्याकडच्या हालक्की जमातीच्या बायका भाजी मांडून बसल्या होत्या. गळ्यात मण्यांच्या इतक्या माळा की मान दिसत नव्हती. त्यांतल्या एकीने लाल भाजीची जुडी उचलली, पाण्यात बुडवली, झटकली, तेव्हा माझ्या हातावर शिंतोडे उडाले. ती कानडीत काही म्हणाली, मी कोकणीत काही म्हणाले, आणि भाव ठरला. मागून लोक ढकलत होते, कोणाची तरी टोपली माझ्या कमरेला लागत होती, एक मुलगा माझ्या पदराखालून पलीकडे गेला. कितीतरी काळाने मला कोणी बाजूला सरायला सांगत होते आणि मी सरत होते.

हे माझ्या मागेच होते. दोन्ही पिशव्या वर धरून, लोकांना वाट देत. तिथे एका ठेल्यावर कोणी तरी मोठ्याने नाट्यपद लावले होते, आणि हे ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते. तेव्हा मला उत्सवांतली नाटके आठवली. म्हार्दोळ, मंगेशी, रामनाथी, कुठेही उत्सवाला मराठी नाटक असले की हे पहाटेपर्यंत बसत. गावच्या नाटकांत तर स्वतः उभे राहत. त्या वर्षापासून ते कधीच गेले नाहीत. मी विचारले नाही, ह्यांनी सांगितले नाही. मी घरात एकटी असायला नको, आणि मला घेऊन गर्दीतही जायला नको, ह्या दोन्हींच्या मध्ये त्यांची नाटके गेली. शनिवारपासून मी स्वतःसाठी जेवढी कष्टी झाले होते, तेवढीच त्या ठेल्यापाशी त्यांच्यासाठी झाले, आणि मग छातीवरचे ओझे बरेचसे हलले. दोघांनीही एकमेकांना जपताना आपापले काही सोडून दिले होते. संसारात असे होते. ह्यापेक्षा वाईटही पुष्कळ होते.

करमल घाट चढताना मी सांगितले की मला गर्दी आवडते. हे वळणे घेत राहिले. बाळ्ळी येईपर्यंत ते बोलले नाहीत, आणि मग विचारले, "कधीपासून?" मी म्हणाले, आधीपासून. मधे काही वर्षे नको होती. त्यांनी मान हलवली. आणखी विचारतील असे वाटले होते, पण त्यांनी विचारले नाही, आणि मलाही त्या वाटेने पुढे जायचे नव्हते.

बोरीच्या पुलावर ह्यांनी मला कोणताही प्रश्न विचारला नाही. मीच म्हणाले की ह्या पावसाळ्यात म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेला जाऊ, रात्रीचे कार्यक्रम असतील तर थांबूही. ह्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले की त्या दिवशी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा ती मंगेशीलाच ठेवावी आणि पुढे सगळ्यांबरोबर चालत जावे. छत्र्या मात्र दोन घ्याव्या लागतील.