चुकीच्या गोलपाशी

व्हिक्टोरियात, मेलबर्नपासून गाडीने तीन तासांवर असलेल्या एका गावात मी फिजिओ आहे. आठवडाभर दवाखाना, आणि एप्रिलपासून हिवाळा संपेपर्यंत दर शनिवारी गावच्या फूटी क्लबात ट्रेनर, म्हणजे टेपिंग आणि प्रथमोपचार बघणारी. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. आमचा कोच एएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, बरीच वर्षं खेळलेला. त्याचं आणि गावाचं नाव देत नाही, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

असा वस्ताद गावात आला की लोकांना वाटतं, आता पोतडीतून डावपेच निघणार. त्याने पहिल्या वर्षी काढलेही. बचावाची साखळी शिकवली, चेंडू जिकडे जाईल तिकडे अख्ख्या संघाने एकत्र सरकायचं. पण ती साखळी रोज एकत्र सराव करणाऱ्यांसाठी असते. आमचा सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. बावीसपैकी चौदा आले तरी खूप, कारण कुणाची गाईंची धार, कुणाची हॉस्पिटलातली पाळी, आणि तिघं मेलबर्नला शिकायला, ते थेट शनिवारीच उगवणार. साखळीत एक जण दोन पावलं उशिरा सरकला की तिथूनच गोल होतो. बाहेरून चांगले खेळाडू आणावेत तर गुणांची मर्यादा आड येते. क्लबातच वाढलेला मुलगा एका गुणाचा, वरच्या पातळीवरून आलेला सहापर्यंतचा, आणि संघाच्या गुणांची बेरीज लीगने बांधून दिलेली. म्हणून कोचने पोतडी बांधून ठेवली. तीनच गोष्टी उरवल्या: चेंडूपाशी आधी पोचा, लाथ मारण्याआधी मान वर करा, टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, नीट करा.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी मी साडेअकराला टेपिंगचं टेबल मांडलं. पायाची काटकोनात पोझ, घोट्याच्या वर दोन आडव्या पट्ट्या, मग टाचेखालून आतून बाहेर रिकिबीसारख्या तीन पट्ट्या, त्यावर इंग्रजी 6 च्या आकड्यासारखा फेरा आणि शेवटी टाच जखडणारं ‘कुलूप’. ३८ मिलिमीटरची ताठ पट्टी वापरते. फेरा घेताना पट्टी ओढून ताणली की पाऊल सुन्न पडतं, आणि सुरकुती राहिली की पहिल्याच क्वार्टरमध्ये फोड येतो. अकरा घोटे, दोन अंगठे, एक खांदा. बाहेर कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या होत्या, कारण इथे गोल झाला की लोक टाळ्यांबरोबर हॉर्नही वाजवतात. पलीकडे नेटबॉलचे सामने सुरू, कँटीनमध्ये मीट-पाय (खिमा भरलेली पेस्ट्री) आणि चिप्ससाठी रांग.

तिसऱ्या क्वार्टरला आम्ही ८.७ (५५), ते ८.५ (५३). म्हणजे आमचे आठ गोल आणि सात एकेरी गुण. त्यातले पाच गोल आमच्या फुल-फॉरवर्डचे, म्हणजे समोरच्यांच्या गोलपाशी उभं राहून गोल करणाऱ्याचे. वय एकोणीस, घरची डेअरी. त्याने चेंडू पकडला आणि मागून एकाने त्याचे दोन्ही हात दंडाशी आवळून त्याला गरकन फिरवून खाली आपटलं. हात मोकळे नसले की पडताना टेकवता येत नाहीत, डोकंच आधी जातं. जमीन पावसाने भिजलेली होती म्हणून लोकांना वाटलं, लागलं नसेल. पण मेंदूला इजा होते ती नुसत्या कठीण जमिनीमुळे नव्हे, कवटीच्या आत मेंदू हिसडला जातो, पिळला जातो त्यामुळे. चिखल तिथे फार कामी येत नाही.

तो लगेच उठला. सरळ चालला, अंपायरने दिलेली फ्री किकही घेतली, ती बाजूला गेली. मी सीमेवरून त्याची पावलं बघत होते, ती ठीक होती. मग चेंडू पुन्हा सुरू झाला आणि हा धावत विरुद्ध टोकाच्या गोलपाशी जाऊन उभा राहिला. फूटीत दर क्वार्टरला टोकं बदलतात. मागच्या क्वार्टरला आम्ही त्या गोलवर मारत होतो. प्रतिस्पर्ध्यांचा फुल-बॅक, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, त्याच्याकडे बघून हसला, कुंपणावरची काही मंडळीही हसली.

मी पिशवी उचलेपर्यंत कोचने रनरला, म्हणजे मैदानात निरोप नेणाऱ्याला, पिटाळलंसुद्धा होतं.

कन्कशनचा, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूला इजा झाल्याचा, संशय घ्यायला गोंधळ हे एकच लक्षण पुरतं, त्यापुढे परीक्षा घेऊन पास-नापास करायचं नसतं. तरी डॉक्टरांसाठी नोंद हवी म्हणून बाकावर बसवून विचारलं. आपण कुठल्या मैदानावर आहोत? बरोबर. कुठला क्वार्टर? ‘दुसरा.’ शेवटचा गोल कुणी केला? त्याने ज्याचं नाव घेतलं तो त्या दिवशी सकाळी राखीव संघाकडून खेळून, आंघोळ करून, कुंपणाला टेकून बिअर पीत उभा होता. मान दुखते का, हातापायांना मुंग्या, दोन-दोन दिसतं का, हे विचारून घेतलं, कारण यातलं काही असेल तर त्याला जागचा हलवायचाही नाही, थेट अँब्युलन्स. तसं काही नव्हतं.

नियम स्पष्ट आहे. संशय आला तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि कोचला तो निर्णय फिरवता येत नाही. पण गावात नियम एकीकडे आणि कमिटीवरचा माणूस एकीकडे. तिसऱ्या क्वार्टरच्या विश्रांतीत संघ मैदानात घोळका करतो आणि प्रेक्षकही कोचचं बोलणं ऐकायला आत येतात. तिथे एकाने सगळ्यांदेखत म्हटलं, ‘पोरगा चालतोय की, दहा मिनिटं तरी घे.’ मी एकटी असते तर मला तिथे दहा मिनिटं वाद घालावा लागला असता. कोच म्हणाला, ‘तो आज संपला,’ आणि पुढच्या वाक्यात फुल-फॉरवर्डला कोण उभं राहणार ते सांगितलं.

कोच ज्या पिढीत खेळला त्या पिढीत मार खाऊन परत मैदानात जाणं ही मर्दुमकी होती. मग २०२० मध्ये पॉली फार्मरच्या मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला, त्यानंतर डॅनी फ्रॉलीच्या, पुढे शेन टकच्या. तिघंही वरच्या लीगचे, तिघांचंही निदान मृत्यूनंतरचं. कोच याबद्दल बोलत नाही. मीही विचारत नाही.

६९-७८ असे हरलो.

मुलाच्या आईला मी कागदावर लिहून दिलं: आज एकटा सोडू नका, दारू नाही, गाडी नाही, उलटी किंवा वाढती डोकेदुखी झाली तर हॉस्पिटल. अडचण वेगळीच निघाली. पहाटेची धार. दोन दिवस विश्रांती म्हटल्यावर ती म्हणाली, ‘फक्त मशिनं लावेल.’ पण यंत्रांचा आवाज, वाकणं-उठणं, गाईची लाथ चुकवणं, यातलं काहीच विश्रांतीत बसत नाही. शेवटी त्याच्या काकाला बोलावलं.

वरच्या लीगमध्ये बारा दिवसांनी परतता येतं, कारण तिथे रोज डॉक्टर बघतो. गावपातळीवर २०२४ पासून किमान एकवीस दिवस, त्यातही लक्षणं गेल्यावर चौदा दिवस होईपर्यंत अंगाला अंग लागेल असा सराव नाही. त्याची डोकेदुखी बुधवारपर्यंत राहिली, म्हणजे चौदा दिवसांची मोजणी तिथून.

मंगळवारी कोचने पळणं घेतलंच नाही. सगळ्यांना ओल्या गवतावर गुडघ्यांवर बसवलं आणि जोड्या लावून टॅकल घेतले. डोकं समोरच्याच्या कुशीच्या बाहेर, गाल त्याच्या कंबरेला, पकड बसली की फिरवायचं नाही, आपणच कुशीवर पडायचं. ज्याने समोरच्याला फिरवलं त्याला पुन्हा. चाळीस मिनिटं हेच. मग खोलीत येऊन त्याने पांढऱ्या बोर्डावरचं त्या मुलाच्या नावाचं चुंबक काढलं आणि माझ्या हातात दिलं. डॉक्टरची चिठ्ठी आली की तूच लाव, म्हणाला. ते अजून टेपच्या डब्यात, कात्रीला चिकटून आहे.