बर्नहम बीचेसचं रान

आज बर्नहम बीचेसला जाऊन आले. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावापासून गाडीने अगदी जवळ, पण आत थोडं चाललं की रस्त्याची घरघर मागे पडते आणि पायाखालच्या पानांचा आवाज तेवढा उरतो.

इथले जुने बीच वृक्ष बघतच राहावेत असे आहेत. खोड बुटकं, जाडजूड, कित्येकांचं आतून पोकळ, आणि डोक्याच्या वर एकदम फांद्यांचा पसारा. पूर्वी लोक सरपणासाठी फांद्या त्या उंचीवरूनच तोडत, म्हणजे नवा फुटवा गुरांच्या तोंडी लागत नसे. या छाटणीमुळेच झाडं शेकडो वर्षं जगली! एका खोडावर बराच वेळ हात ठेवून उभी होते. साल राखाडी, गुळगुळीत; गाठींपाशी मात्र हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या.

१८८० साली सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने हे रान लोकांसाठी विकत घेतलं, नाहीतर इथे बंगले उठले असते. पडलेली खोडंही तशीच ठेवतात, बुरशी आणि भुंग्यांसाठी. मला आपल्या देवराया आठवल्या, तिथेही वाळकी काटकी उचलत नाहीत.

स्लाऊ-मेडनहेडकडच्या मंडळींनो, पानं सध्या तांबूस झालीत. गळायच्या आत मुलांना घेऊन नक्की जा.