कुंभार्ली चढताना काकवीचा वास

गुहागरहून कराडकडे येताना चिपळूणपर्यंत गाडीला फारसं काम नसतं. खरा चढ लागतो पोफळी सोडल्यावर. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून याच बाजूला उतरतं, इथल्या भूमिगत वीजगृहात वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. आपण मात्र तोच डोंगर वरून, कुंभार्ली घाटाने, वळणं मोजत चढायचा. फेब्रुवारी अखेर होती, आंब्याला कैऱ्या धरायला लागल्या होत्या आणि सकाळी दहालाच चिपळूण तापलं होतं.

घाटात वासांची कमी नसते. उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा तिखट, जळका वास. चढावर अडकलेल्या गाडीच्या क्लचचा, कागद करपल्यासारखा. यातले निम्मे वास दुसऱ्याचे असतात, त्यामुळे वास आला की लगेच घाबरायचं नाही. आधी पुढच्या गाडीला जाऊ द्यायचं. मागे पडल्यावरही वास राहिला, तर तो आपला.

आमच्या गाडीत आला तो गोडसर वास. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "गुऱ्हाळ लागलंय वाटतं कुठंतरी. काकवी घेऊ की रे."

कराड-पाटणकडे या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. पण कुंभार्लीच्या चढणीला ऊस कुठला? पुढचा ट्रक केव्हाच वळणाआड गेला होता, तरी गोडवा तसाच. बाहेरची हवा आत घेणारी कळ बंद केली, तर वास कमी झाला. उघडली, की पुन्हा आला. म्हणजे तो बोनेटखालून येत होता. गाडीच्या आतला हीटर (त्यात इंजिनाचं गरम पाणी फिरतं) गळत असता, तर कळ बंद करूनही वास राहिला असता, काचेवर आतून चिकट धुकं धरलं असतं आणि पायाखालचं मॅट ओलं झालं असतं. यातलं काहीच नव्हतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपासून जेमतेम एक रेघ वर होता. गाडीतला दिवा लागायच्या आधी नाकाला कळतं ते असं.

एसी बंद केला, उकाडा सोसून हीटर पूर्ण सोडला (इंजिनाची थोडी उष्णता तेवढीच बाहेर जाते) आणि पहिल्या रुंद वळणावर गाडी कडेला घेतली. चाकाला दगड लावला.

बोनेट उघडल्यावर शोधावं लागलंच नाही. रेडिएटरच्या वरच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, जिथे क्लिप असते, तिथे हिरवट-पांढरी खपली धरलेली. म्हणजे गळती आजची नव्हती, चढावर दाब वाढल्यावर तिने डोकं वर काढलं इतकंच. रबराला क्लिपच्या कडेलाच चीर गेली होती आणि थेंब तापलेल्या भागावर पडून चर्र करत होते. कूलंटमधलं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातलं, ग्लायकॉल तापलं, की असा गोड वास सुटतो.

भाऊजींचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला. "भाऊजी, थांबा!" असं मी जवळजवळ ओरडलोच. आत दाब असतो म्हणून ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळी उकळी तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास नुसतं बसलो. माकडांनी तेवढ्यात आमच्या केळ्यांचा निकाल लावला. एक कुत्रं खाली सांडलेलं चाटायला आलं, त्याला हाकललं आणि त्या जागेवर बाटलीभर पाणी ओतलं. ग्लायकॉल चवीला गोड असलं तरी जनावरांना विषारी असतं. थोडंसंही जिवावर बेतू शकतं.

एव्हाना कोल्हापूरकडचा एक ट्रकवाला थांबला. "दादा, हळद टाका रेडिएटरात. भोक बसतंय." उपाय जुना आहे आणि कधीकधी लागूही पडतो, पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. शिवाय आमची चीर टोकाला होती. त्याच्याकडचा पेचकस घेतला, क्लिप सैल केली, होजचा फाटका तुकडा सुरीने कापून टाकला. होज दोन बोटं जादा लांब होता, हे नशीब. पुन्हा चढवून क्लिप आवळली आणि प्यायच्या पाण्याने टाकी भरली. इंजिन चालू ठेवून हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबलो, मग झाकण लावलं. चीर मधोमध असती, तर ही युक्ती चालली नसती.

हेळवाक, कोयनानगर मागे पडलं. काटा जागेवर होता, पण दर काही किलोमीटरवर थांबून होज बघत होतो.

पाटणच्या गॅरेजवाल्याने नवा होज टाकला, झाकणाचं रबर बघितलं, साधं पाणी काढून बरोबर प्रमाणात कूलंट भरलं. मग वाकून इंजिनाचा वास घेतला. खरंच वास घेतला, डॉक्टर नाडी बघतो तसा. "हे झालं. पण ऑइल जळतंय थोडं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग पाझरतंय, सायलेंसरवर उतरतंय. घाईचं नाही, पण पुढच्या सर्व्हिसिंगला बदलून घ्या. आणि कधी पेट्रोलचा वास आला, तर मात्र बघत बसू नका. गाडी बंद करायची, सगळ्यांनी उतरायचं."

बिलाच्या मागे त्याने पॅकिंगची अंदाजे किंमत लिहून दिली.