कालीतला गरम पांदेबोनो: केव्हा, कुठे, कसा

कोलंबियाच्या काली शहरात पांदेबोनो, म्हणजे तिथला चीजचा पाव, खायचा तर नामांकित दुकान शोधत टॅक्सीने फिरू नका. मुक्काम असेल त्या वस्तीतलीच पानादेरिया, म्हणजे बेकरी, गाठा. मात्र तिथे दिवसभर घाण्यामागून घाणा निघत असला पाहिजे. पांदेबोनोचा खरा जीव भट्टीतून निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांचा. तो युक्का, म्हणजे कसाव्याच्या स्टार्चचा असतो, आणि निवला की हा स्टार्च घट्ट होत जातो. तासाभराने तोच पाव चिवट लागतो.

सान आन्तोनियोच्या टेकडीवर राहत असाल तर सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान बाहेर पडा, किंवा दुपारी चारनंतर. काउंटरवर आधी विचारा, "एस्तान कालिएन्तेस?" गरम नसतील तर "आ के ओरा सालेन?", म्हणजे पुढचा घाणा कधी? दहा मिनिटं सांगितली तर थांबाच. मागायचं असं: "मे रेगाला दोस पांदेबोनोस, पोर फावोर." काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरतात, काही ठिकाणी खाऊन झाल्यावर. पुढचा माणूस काय करतो ते पाहावं. दोन, पाच, दहा हजार पेसोंच्या नोटा जवळ ठेवा. पन्नास हजारांची सकाळी कुणी मोडून देत नाही. आणि रस्त्यावर फोन हातात मिरवू नका.

काचेमागे सगळंच पिवळसर दिसतं. कडं किंवा गोळा असेल तो पांदेबोनो. त्यात स्टार्चबरोबर थोडं मक्याचं पीठ असतं. लांबट किंवा चंद्रकोरीसारखा तो पान दे युक्का, त्यात मका नसतो. चपटी, मऊ, किंचित आंबट ती आल्मोहाबाना. तळलेला गोल गोळा म्हणजे बुन्युएलो. शाकाहाऱ्यांनी इथे जपावं: त्याच तेलात मांसाची एम्पानादा, म्हणजे सारण भरलेली करंजी, तीही तळलेली असू शकते. शिवाय या पावांत बहुधा अंडं असतं, आणि चीज विरजायला प्राण्यांच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असू शकतं.

चांगला पांदेबोनो हातात हलका लागतो, वरून बारीक तडकलेला आणि आतून पोकळसर, ताणला जाणारा असतो. यीस्टशिवाय तो फुगतो तो आल्मिदोन आग्रियोमुळे. युक्काचा स्टार्च तीन-चार आठवडे पाण्याखाली आंबवून उन्हात वाळवला की हा तयार होतो. कालीच्या दक्षिणेला, काउका प्रांतात, त्याचे छोटे कारखाने आहेत. आंबणं आणि ऊन, दोन्ही लागतं. साधा, न आंबवलेला स्टार्च वापरला की पाव बसका आणि गच्च होतो. साबुदाणाही कसाव्याचाच, पण दळून इथे चालणार नाही.

सोबत थंडगार आवेना घ्या: दूध, ओट्स, दालचिनी. गोड फार वाटली तर तिन्तो, म्हणजे काळी कॉफी. पेरूच्या वडीचं, बोकादियोचं, सारण असलेला पांदेबोनो एकदा खावा, पण आतली वडी जीभ भाजते.

पार्सल कागदी पिशवीतच घ्या, प्लास्टिकमध्ये वाफ धरून साल ओली होते. पुन्हा गरम करायचा तर झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये त्याचं रबर होतं.

घरी करायचा असेल तर आंबवलेला स्टार्च दीडशे ग्रॅम, मासारेपा पन्नास ग्रॅम, किसलेलं खारट ताजं चीज तीनशे ग्रॅम, एक अंडं आणि चमचाभर साखर. स्टार्च म्हणून ब्राझीलचा पोल्विल्यो आझेदो, म्हणजे तसाच आंबवलेला कसाव्याचा स्टार्च, चालतो. मासारेपा शिजवून वाळवलेल्या मक्याचं पीठ असतं. आपलं कच्चं मक्याचं पीठ घातलं की कचकच लागते. पनीर वापरलं तर आधी दाबून पाणी काढा आणि मीठ घाला, नाहीतर गोळे पसरतात. मळल्यावर तडे गेले तर चमचाभर दूध. बारा गोळे, २२० अंशांवर पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये सुमारे अठरा मिनिटं. पहिली दहा मिनिटं दार उघडू नका.