आईच्या डोळ्यासाठी लेन्स ठरली

आज आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायची कृत्रिम लेन्स ठरली. मोनोफोकल, मल्टिफोकल, टोरिक अशी नावं आणि पुढे चढत जाणाऱ्या किमती. नातेवाइकांचं एकच, "आईसाठी भारीतलीच घाला."

डॉक्टरांनी मात्र किमतीआधी आईला विचारलं, "काकू, दिवसभर काय काय करता?" आई खुलली. पहाटे अंधारात फिरायला जाणं, दुपारी पोथी, संध्याकाळी ओट्याशी. मग त्यांनी नीट समजावलं. मल्टिफोकल लेन्स प्रकाश दूरच्या आणि जवळच्या नजरेसाठी वाटून देते, त्यामुळे चष्मा बराच सुटतो. पण अंधारात दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, फिकट रंगांतला फरकही थोडा पुसट होतो. आईला मधुमेह आहे, डोळ्याच्या आतल्या पडद्याला पूर्वी सूज येऊन गेली आहे. म्हणून तिच्यासाठी एकाच अंतरासाठी असलेली, दूरच्या नजरेची साधी मोनोफोकलच बरी. पोथीला चष्मा लागेल. टोरिक लेन्स बुबुळाचा वक्रदोष, म्हणजे असमान गोलाई, भरून काढते. तिची गरजच नाही, कारण आईला तो दोष नगण्य.

मला हे फार पटलं. भारी लेन्स म्हणजे त्या डोळ्याला योग्य लेन्स असं नसतं.

१९४९ साली लंडनमध्ये नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले कॉकपिटच्या प्लास्टिकचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅब या संस्थेने १९९२पासून स्वस्त लेन्स बनवल्या, म्हणून हे गरिबाच्याही आवाक्यात आलं. या माणसांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

आईची साखर आटोक्यात आली की ऑपरेशनची तारीख मिळेल. मधुमेह असताना कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालं असेल तर अनुभव नक्की लिहा.